स्नोड्रॉप : रानातील वेगळ्या फुलांचा शोध

स्नोड्रॉप ही यूरोप आणि पश्चिम आशियात हिवाळा सरता सरता फुलणारी लहानशी कंदवर्गीय वनस्पती. तिची प्रजाती गॅलँथस, कुल ॲमारिलिडेसी. आपल्याकडे बागेत लावतात तो नागदवणा याच कुलातला. गॅलँथसच्या वीसहून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांतली गॅलँथस निवालिस ही सर्वांत दूरवर पसरलेली, पिरेनीज पर्वतापासून पार युक्रेनपर्यंत. रानात फुललेल्या हजारो स्नोड्रॉपमधून जन्मतःच वेगळे असलेले एखादे झाड हेरायचे, ते वेगळेपण टिकते का हे पाहायचे आणि त्याची नोंद करायची, हा उद्योग एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. या फुलांच्या वेडाने झपाटलेल्यांना गॅलँथोफाइल म्हणतात.

एका कंदाला साधारणपणे दोन पाने, एक दांडा आणि त्यावर खाली मान घातलेले एक फूल. फुलाला सहा परिदले, म्हणजे पाकळ्यांसारखी दले, असतात. बाहेरची तीन लांब व शुभ्र. आतली तीन त्यांच्या जेमतेम निम्म्या लांबीची, टोकाशी खाच असलेली आणि खाचेभोवती हिरवी खूण असलेली. परिदलांच्या वर हिरवे अंडाशय, आणि कळीला झाकणारा एक महाछद. इतकाच सगळा संसार. जे काही वेगळे शोधायचे ते याच मोजक्या अवयवांत, म्हणून नजर बारीक लागते.

सर्वांत लवकर नजरेत भरतो तो पिवळा भेद. यात अंडाशय आणि आतली खूण हिरवी नसून पिवळी असते. १८७० च्या दशकात इंग्लंडमधील नॉर्थंबरलंड परगण्यात अशी फुले सापडली आणि केंब्रिजच्या सँडर्स यांच्या नावावरून त्यांना ‘सँडर्सी’ नाव पडले. त्या भागात हा भेद आजही आढळतो. दुसरा प्रकार हिरव्या खुणांचा : बाहेरच्या शुभ्र परिदलांच्या टोकांवर हिरवा ठिपका किंवा रेघा उमटतात. जर्मनीतील नाहे नदीच्या खोऱ्यात १८६८ च्या सुमारास यूलियुस शार्लोक यांना सापडलेल्या फुलात हिरवी टोके तर होतीच, शिवाय महाछद दुभंगून फुलाच्या वर गाढवाच्या कानांसारखा उभा राहिला होता. ‘शार्लोकी’ नावाने ते झाड आजही बागांतून लावले जाते.

अभ्यासकाला सर्वांत जास्त विचार करायला लावणारा भेद मात्र पॉक्युलीफॉर्म. यात आतली तीन परिदले बाहेरच्यांसारखीच लांब व पांढरी होतात, खाच आणि हिरवी खूण नाहीशी होते आणि सहाही परिदले सारखी दिसू लागतात. याच्या उलटही घडते. बाहेरची परिदले आतल्यांसारखी आखूड, खाचेची आणि खुणेची होतात. आपण आतल्या वर्तुळातले की बाहेरच्या ही ओळखच जणू त्या अवयवांनी बदललेली असते. दुहेरी, म्हणजे अनेक पाकळ्यांचे स्नोड्रॉप तर इतके जुने आणि सर्रास आहेत की ते सापडल्याचे कुणाला फारसे अप्रूप वाटत नाही. ‘फ्लोरे प्लेनो’ हा त्यांतला प्रसिद्ध भेद. तो बी धरत नाही, पण बाजूला नवे कंद फुटून रानेच्या रानेही व्यापतो.

वेगळेपण उगवते ते बियांतून. मधमाश्यांकडून परागण होते, प्रत्येक बी आईबापांच्या गुणांची नवी जुळणी घेऊन येते. बीला चिकटलेल्या मऊ, पौष्टिक भागाच्या लोभाने मुंग्या ते ओढून नेतात, म्हणून नवी रोपे जुन्या झुपक्यापासून थोडी लांब उगवतात. रुजल्यापासून फुलायला तीन-चार वर्षे जातात. त्या एका रोपाच्या कंदाला पुढे बगलेत कंद फुटत राहतात आणि ते सगळे हुबेहूब सारखे असतात. एखाद्या झुपक्यातील प्रत्येक फुलावर तीच अनोखी खूण दिसली, तर मूळ रोप कधीचेच उगवून स्थिरावले आहे असे समजावे.

एकटेदुकटे विचित्र फूल मात्र फसवू शकते. कळी तयार होताना थंडीचा तडाखा बसला, कीड लागली किंवा कंदाला इजा झाली, तरी फुलाला चार बाह्य परिदले येतात किंवा भलतीकडेच हिरवा रंग चढतो. असा दोष बहुधा पुढच्या हंगामात दिसत नाही. म्हणून जाणकार माणूस जागा नीट टिपून ठेवतो आणि पुढच्या वर्षी, त्याच्याही पुढच्या वर्षी तिथे जातो. शोधण्याची वेळही ठरलेली. ढगाळ, गारठ्याच्या दिवशी फुले मिटून असतात. ऊन पडून हवा जरा उबदार झाली की बाहेरची परिदले पसरतात आणि आतल्या खुणा उघड्या पडतात. तरीही फूल खाली झुकलेलेच. गुडघे टेकून, दोन बोटांनी दांडा हलकेच वळवून आत डोकावल्याशिवाय बऱ्याचशा खुणा कळत नाहीत.

रान म्हणजे काय हा प्रश्नही इथे सोपा नाही. ब्रिटनमध्ये स्नोड्रॉप जंगलभर दिसतात, पण रानात उगवल्याच्या तिथल्या नोंदी अठराव्या शतकाच्या मागे जात नाहीत. बहुतेक अभ्यासक ती बागांतून बाहेर पडलेली झाडे मानतात. जिथे हे फूल मुळचेच आहे अशा प्रदेशांत स्लोव्हेनियाचे नाव आवर्जून घ्यावे लागते. आल्प्स, कार्स्ट हा चुनखडीचा प्रदेश, पूर्वेची मैदाने आणि ॲड्रिॲटिकचा किनारा हे सगळे त्या चिमुकल्या देशात एकमेकांना भिडतात, आणि तिथल्या निवालिसमध्ये फुलांचे विलक्षण वैविध्य दिसते. राजधानी ल्युब्लियानाच्या १८१० मध्ये स्थापन झालेल्या वनस्पती उद्यानातील योझे बावत्सोन यांनी या वैविध्याचा तपशीलवार अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. बागेतल्या नावाजलेल्या भेदांपेक्षा हे काम मोलाचे वाटते, कारण त्यात एकेका फुलामागे अख्खी रानातली वस्ती उभी दिसते.

या छंदाला पैशाची बाजूही आहे. ‘गोल्डन टियर्स’ या पिवळ्या भेदाचा एकच कंद २०२२ मध्ये ब्रिटनमधील ऑनलाइन लिलावात १,८५० पौंडांना गेला. तो रानातला नव्हे, मुद्दाम पैदा केलेला. पण असे आकडे ऐकून रानातले झुपके खणून नेणाऱ्यांचे फावते. तुर्कस्तानातून रानटी कंदांचा प्रचंड व्यापार झाल्यामुळे १९९० पासून संपूर्ण प्रजाती साइट्स या, धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि परवान्याशिवाय कंद सीमेपार नेता येत नाहीत. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्यानुसार जमीनमालकाच्या परवानगीवाचून कुठलीही रानटी वनस्पती मुळासकट उपटणे गुन्हा आहे. परवानगी मिळाली तरी अख्खा झुपका काढू नये, एखाद-दुसरा कंद पुरतो : त्याच्या उभ्या फाका करून, प्रत्येक फाकेला तळाचा थोडा भाग ठेवून रुजवल्या की तितके नवे कंद तयार होतात, आणि ते फुलायला पुन्हा तीन-चार वर्षे थांबावे लागते.