स्टेर्रिनी पतंग : ओळख (ठाणे–नवी मुंबई परिसर)

जिओमेट्रिडी कुलातील लहान चणीच्या, बहुधा फिकट रंगाच्या पतंगांचे एक उपकुल. पंखांचा विस्तार साधारण १० ते ३० मिमी. पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंत जिन्यातल्या ट्यूबलाइटजवळ भिंतीला पंख सपाट टेकवून बसलेले मळकट पांढरे, पिवळसर पतंग या परिसरात सर्वांच्या पाहण्यातले आहेत. त्यांत या उपकुलाचे अनेक सदस्य असतात. स्कोप्युला (जगभर सुमारे ८०० जाती) आणि इडेआ (सुमारे ७००) हे त्यातील दोन मोठे वंश. प्रस्तुत नोंद मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.

नाव. कुलाचे नाव ‘भूमी मोजणारा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. लिनीअसने १७५८ मध्ये ‘जिओमेट्रा’ हा गट मानला आणि लीचने १८१५ मध्ये त्याला कुलाचा दर्जा दिला. अळीला छातीवर पायांच्या तीन जोड्या असतात, पण उदरावर मांसल पायांच्या बहुधा दोनच जोड्या, सहाव्या व दहाव्या खंडावर. मधल्या भागाला आधार नसल्याने चालताना पाठीची कमान होते आणि अळी जमीन मोजत चालल्यासारखी दिसते. मराठीतील ‘उंटअळी’ हा शब्द या कमानीवरून, म्हणजे उंटाच्या वशिंडावरून, पडलेला दिसतो. मात्र शेतकरी सोयाबीनवरच्या ज्या हिरव्या किडीला उंटअळी म्हणतात ती नॉक्ट्युइडी या वेगळ्या कुलातील आहे. तिच्या उदरावर मांसल पायांच्या तीन जोड्या असतात. पाय मोजले की घोळ मिटतो.

उपकुलाच्या नावाचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. एकोणिसाव्या शतकात हे पतंग बहुधा ‘ॲसिडॅलिया’ या नावाखाली येत. ते नाव फुलपाखरांच्या एका गटाला आधीच दिले गेले होते, म्हणून ते सोडावे लागले. पुढे ‘स्टेर्रा’ (ह्यूब्नर) आणि ‘इडेआ’ (ट्राइट्श्के) ही दोन नावे उरली आणि दोन्ही १८२५ च्या आसपासची निघाली. ह्यूब्नरच्या सूचीच्या मुखपृष्ठावर १८१६ हे साल असले तरी ती अनेक वर्षे भागाभागाने निघत होती. तिच्या पानांची साले हेमिंगने १९३७ मध्ये नव्याने लावली, त्यामुळे आजही ती साले, मूळ पानांवर छापलेली नसल्याने, चौकटी कंसात छापतात. सध्या ‘इडेआ’ ग्राह्य धरतात आणि ‘स्टेर्रा’ त्याचे समनाम (त्याच वंशाचे दुसरे, आता न वापरले जाणारे नाव) मानतात. उपकुलाचे नाव मात्र स्टेर्रिनीच राहिले. जुने ग्रंथ चाळताना हे ध्यानात ठेवावे लागते. हॅम्प्सनच्या ब्रिटिश भारतातील पतंगांवरील ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात (१८९५) या गटाचे नाव ॲसिडॅलिनी असे आहे. मुंबई व दख्खनच्या पतंगांची स्विन्होची यादी त्याच्याही आधीची, १८८५ ची. हा स्विन्हो बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या (१८८३) आठ संस्थापकांपैकी एक होता.

जातिनामांच्या शेवटाबद्दलही एक संकेत आहे. नराच्या शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) कंगव्यासारख्या असतील तर ‘-आरिया’, साध्या असतील तर ‘-आटा’, असे लिनीअसने ठरवले होते. पुढच्या लेखकांनी तो संकेत सरसकट पाळला नाही. म्हणून ‘एमिसारिया’ किंवा ‘फिब्युलाटा’ या स्कोप्युलाच्या जातींच्या नावांवरून शृंगिकांचा अंदाज बांधू नये.

कुल व उपकुल ठरवणे. सोंडेच्या बुंध्यावर खवले असतील तर तो पतंग जिओमेट्रिडी नव्हे. तो बहुधा पायरॅलिड या पतंगांच्या वेगळ्या गटातला, आणि हीच गल्लत जास्त होते. जिओमेट्रिडींची सोंड बुंध्याशी उघडी असते. वटवाघळांचा श्राव्यातीत आवाज टिपणारे त्यांचे कान उदराच्या मुळाशी असतात. उपकुलासाठी मागच्या पंखाच्या शिरा पाहाव्या लागतात. एन्नोमिनी व लॅरेंटिनी ही याच कुलातील दुसरी उपकुले. एन्नोमिनीत एम-२ ही पंखाच्या मधल्या भागातील शीर नाहीशी किंवा अगदी क्षीण झालेली असते, स्टेर्रिनीत ती स्पष्ट असते. लॅरेंटिनीत पुढच्या कडेची शीर कोष्ठाला (पंखाच्या मुळाकडच्या, शिरांनी वेढलेल्या भागाला) लांबवर जुळलेली असते. स्टेर्रिनीत ती पंखाच्या मुळाजवळ कोष्ठाला टेकून लगेच दूर जाते. शिरा दिसण्यासाठी पंखावर मद्यार्काचा थेंब टाकतात. खवले क्षणभर पारदर्शक होतात, आणि पाहायचे ते तेवढ्यात पाहून घ्यावे लागते.

लॅरेंटिनीतील यूपिथेशिया हा वंश आकाराने सारखाच, पण त्याचे पुढचे पंख लांबट व अरुंद असतात, मागचे त्यामानाने फारच लहान.

स्कोप्युला की इडेआ. दोन्हींच्या चारही पंखांवरून नागमोडी रेषा जातात, मध्यावर काळा ठिपका असू शकतो आणि कडेला बारीक ठिपक्यांची ओळ. रेषांची वळणे व ठिपक्याची जागा यांवरून वंश ठरवण्याची पद्धत छायाचित्रांमुळे फोफावली आहे. ती नोंदलेखकाला विश्वासार्ह वाटत नाही, कारण झिजलेल्या पंखावर या खुणा सर्वांत आधी पुसल्या जातात. खरा पुरावा मागच्या पायात आहे.

दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन मागच्या पायाची नडगी पाहावी. स्कोप्युलाच्या मादीत तिच्यावर काट्यांच्या दोन जोड्या असतात, एक मधोमध व दुसरी टोकाला. इडेआच्या मादीत बहुधा टोकाचीच जोडी असते. नरांत ही खूण चालत नाही, कारण दोन्ही वंशांत नराच्या नडगीवर बहुधा काटेच नसतात. स्कोप्युलाच्या नराची नडगी बऱ्याचदा फुगीर असून तिच्या खाचेत लांब केसांचा झुबका दडलेला असतो. म्हणून नर-मादी आधी ठरवावी. दोन्ही पंख जोडणारा राठ केस बहुतेक पतंगांच्या नरात एकच जाड, तर मादीत अनेक बारीक असतात.

जातीपर्यंत जायचे तर उदराचे टोक पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ करून जननांगे तपासण्याला सहसा पर्याय नाही. स्कोप्युलाच्या नरांत आठव्या उदरखंडाच्या खालच्या पट्टीला शिंगांसारखे दोन फाटे असतात. त्यांची लांबी व वळण जातीगणिक बदलते. सिव्होनेनने २००५ मध्ये केलेल्या स्कोप्युलिनी (स्कोप्युला ज्यात येतो त्या) गटाच्या वर्गीकरणातही जननांगांच्या लक्षणांना मोठे स्थान आहे.

अळीही उपयोगी पडते. स्कोप्युलाची काडीसारखी लांब व सडपातळ असते, इडेआची आखूड व खरखरीत. इडेआच्या अनेक जाती सुकलेल्या पानांवर वाढतात, त्यामुळे त्या पालापाचोळ्यात शोधाव्या.

परिसर. ठाण्याच्या बाजूने संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे येऊर हे मिश्र पानझडी जंगल आणि घोडबंदर रस्त्यालगतच्या वाड्या, नवी मुंबईकडे पारसिक व खारघरच्या टेकड्या आणि खाडीकाठची कांदळवने अशी निवासस्थाने थोड्या अंतरावर मिळतात. राष्ट्रीय उद्यानात वनविभागाच्या परवानगीविना कीटक पकडता येत नाहीत. तिथे छायाचित्रावरच थांबावे लागते, आणि अशा नोंदीत ‘स्कोप्युलाची जात’ एवढेच लिहिणे योग्य. छायाचित्र वरून एक आणि बाजूने, मागचा पाय दिसेल असे एक, अशी दोन घ्यावीत. सोबत तारीख, जागा व दिव्याचा प्रकार नोंदवावा.