गावचा प्रश्न सोडवता सोडवता नागरिकशास्त्र (गोवा)

शाळा-कॉलेजातल्या मुलांनी आपल्या वाड्यावरचा एखादा खराखुरा प्रश्न हातात घ्यायचा, तो कोणत्या खात्याकडे येतो ते शोधायचं, उपाय सुचवायचा, पाठपुरावा करायचा आणि हे करता करता नागरिक म्हणून वागायला शिकायचं, अशी ही शिकवायची पद्धत. अमेरिकेत १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातून 'प्रोजेक्ट सिटिझन' नावाचा असाच कार्यक्रम सुरू झाला. आपल्याकडे एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) १९६९ पासून आहे, पण त्यात श्रमदानावर जास्त भर असतो, आणि माझ्या मते झाडू मारण्याइतकंच तो कचरा उचलायचं काम मुळात कोणाचं आहे हे विचारणंही शिकवायला हवं.

गोव्यात याला जागा भरपूर आहे. १९१ ग्रामपंचायती, गाव लहान, सरपंचाचं घर सगळ्यांना माहीत. अडचणही तिथेच आहे, कारण सरपंच नात्यातला नाहीतर शेजारचा काका निघतो आणि प्रश्न विचारला की घरच्यांना वाटतं पोरगं भांडायला गेलं. म्हणून तक्रार तोंडी न करता माहितीसकट लेखी द्यायची सवय लागणं फार महत्त्वाचं.

व्हाळ (ओढा) तुंबून रस्त्यावर पाणी येतं, हे उदाहरण घ्या. मे महिन्यातच मुलं टेप घेऊन रुंदी मोजतात, कुठे भराव पडलाय त्याचे फोटो काढतात, वाड्यावरच्या आज्जींना विचारतात की पूर्वी पाणी कुठून जायचं. मग कळतं की रस्त्याकडेचं गटार सार्वजनिक बांधकाम खात्याचं असू शकतं आणि व्हाळासाठी जलस्रोत खात्याकडे जावं लागतं. खाजन शेताचा (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या शेताचा) बांध फुटला किंवा मानशीची (पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराची) फळी खराब होऊन खारं पाणी शेतात शिरलं तर पंचायतीत जाऊन भागत नाही, कुळ संघ (शेत कसणाऱ्या कुळांची संघटना) आणि मामलेदार यांच्याकडे जावं लागतं. हे दार शोधणं म्हणजे अर्धं शिक्षण झालं!

अर्ज दोन प्रतींत करायचा, एकीवर शिक्का आणि इनवर्ड नंबर घेऊन पोच सांभाळून ठेवायची. उत्तर आलं नाही तर १० रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज, त्याला साधारण ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. गोव्याने तर देशाचा २००५ चा कायदा यायच्या आधीच, १९९७ साली, स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता. मुलांना हे सांगा, त्यांना अभिमान वाटतो. १९७८-७९ च्या आंदोलनातून गोव्यातल्या विद्यार्थ्यांनीच बसभाड्यात ५० टक्के सवलत मिळवली होती, हेही सांगा.

ग्रामसभा सहसा रविवारी भरते आणि तिचे सदस्य म्हणजे गावच्या मतदारयादीतले लोक, त्यामुळे १८ वर्षांखालच्यांना मत नाही. पण नकाशा, फोटो आणि पोच तयार ठेवून आईला किंवा मोठ्या भावाला तो विषय मांडायला लावता येतो. जैवविविधता कायदा २००२ नुसार पंचायतीत लोकांची जैवविविधता नोंदवही करतात, त्यासाठी गावातल्या झाडांची, झरींची माहिती गोळा करायला तर मुलांइतके चांगले हात नाहीत.

शिक्षकांनी एक पथ्य पाळायचं, अर्ज स्वतः लिहून द्यायचा नाही. वाक्यं वाकडी असली तरी चालतील. आणि एका वर्षात काम होत नाही, दहावीची परीक्षा आली की सगळं थांबतं, म्हणून फाइल पोचपावत्यांसकट नववीच्या वर्गाकडे सोपवायची आणि पुढची तारीख त्यांच्या वहीत लिहून द्यायची.