पालिकेच्या नव्या इमारतीतलं म्युरल: निविदेत कलाकार कुठे अडकतात

नवी पालिका इमारत पूर्ण होत आली की प्रवेशदालनातली मोठी भिंत सगळ्यांच्या डोळ्यावर येते. मग तिथे शहराचा इतिहास सांगणारं भित्तिशिल्प, आवारात एखादं धातुशिल्प, सभागृहात म्युरल (भिंतीवरची मोठी कलाकृती) असं काहीतरी ठरतं आणि नोटीस निघते. काही आठवड्यांनी माझ्या टेबलासमोर कुणीतरी शिल्पकार येऊन बसतो. हातात प्रिंट असते: ‘तांत्रिक लिफाफा – अपात्र’. म्हणजे पात्रतेच्या कागदांचा पहिला लिफाफा बाद; दराचा दुसरा, आर्थिक लिफाफा मग उघडतच नाही.

पालिकेमागच्या गल्लीत मी डिजिटल सहीची टोकन आणि ई-निविदा भरून देण्याचं काम करतो. रस्ते, गटारं, खुर्च्या-टेबलं यांच्या मानाने कलेच्या निविदा थोड्या असतात, पण बाद होण्याचं प्रमाण त्यांच्यातच सर्वांत जास्त. आणि आजवर माझ्या समोर एकही कलाकार चित्र वाईट म्हणून बाद झालेला नाही. त्याचं चित्र कुणी उघडूनच पाहिलेलं नसतं.

आधी काम कुठे आहे ते शोधा

बरेच जण महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर ‘म्युरल’ शोधतात आणि काही दिसलं नाही की सोडून देतात. बऱ्याचदा म्युरल स्वतंत्र निविदेत नसतंच. ते अंतर्गत सजावटीच्या मोठ्या कामात, फॉल्स सीलिंग आणि ग्रॅनाइटच्या मध्ये, एक ओळ होऊन बसलेलं असतं. तसं असेल तर तुम्ही अर्जदार नाही. ज्याला ते काम मिळेल त्या ठेकेदाराचे उपठेकेदार आहात. त्याच्याशी लेखी करार करा: किती टप्प्यांत पैसे, मॉडेल नापसंत झालं तर खर्च कुणाचा, भिंतीवर नाव कुणाचं. तोंडी शब्दावर काम केलेल्यांच्या कहाण्या मी ऐकल्या आहेत, आणि त्या सगळ्या ‘बिल निघालं की देतो’ या वाक्यावर येऊन थांबतात.

स्वतंत्र निविदा असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

जो दाखला कुणाकडेच नसतो

निविदेत ‘समान स्वरूपाच्या कामाचा अनुभव’ अशी अट असते. आकडे बहुतेक वेळा असे: गेल्या सात वर्षांत अंदाजित रकमेच्या ८० टक्क्यांचं एक काम, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ४० टक्क्यांची तीन. म्हणजे अंदाजपत्रक ५० लाखांचं असेल तर ४० लाखांचं एक, २५ लाखांची दोन किंवा २० लाखांची तीन कामं पूर्ण केल्याचा दाखला. त्यावर सही कार्यकारी अभियंता किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची. केंद्रीय दक्षता आयोगाने बांधकामाच्या कंत्राटांसाठी घातलेली ही पट्टी कुणीतरी कधीतरी कलेच्या निविदेत चिकटवली आणि तिथून ती हलली नाही. पंचवीस वर्षं ब्राँझ ओतणाऱ्या माणसाकडे पुरस्कार असतात, कॅटलॉग असतात, वर्तमानपत्रांची कात्रणं असतात. हा कागद नसतो. आणि कात्रणांना इथे शून्य किंमत.

काय चालतं ते सांगतो. सरकारी काम केलं असेल तर जुन्या कार्यालयात जाऊन दाखला आत्ताच काढून ठेवा, निविदा निघाल्यावर नको. अधिकारी बदलतात, फाइल रेकॉर्ड रूमला जाते. दाखल्यात कार्यादेशाचा क्रमांक, रक्कम, सुरू आणि पूर्ण झाल्याची तारीख हवी. खासगी काम, म्हणजे हॉटेल, हॉस्पिटल, गृहसंकुल असलं तर बरेच ठिकाणी चालतं, पण त्यासोबत त्या रकमेवर टीडीएस (पैसे देतानाच वळता केलेला कर) कापल्याचा पुरावा लागतो. रोखीत घेतलेलं काम कागदावर झालेलंच नसतं.

आणि दाखल्यातला शब्द बघा. आमच्याकडे एक चित्रकार आले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या चार भिंतींवर त्यांनी पंचक्रोशीचा इतिहास चितारला होता, सुंदर काम, फोटोत वारीची दिंडी कोपऱ्यावरून वळताना दिसत होती. दाखल्यावर मजकूर होता: ‘शाळेच्या भिंती रंगविणे.’ छाननीत शेरा आला, रंगकामाचा अनुभव ग्राह्य नाही. वर सही ग्रामसेवकाची. त्यांनी दुसरा दाखला आणेपर्यंत दुसरा लिफाफा उघडून झाला होता.

अट पुरी होतच नसेल तर निविदापूर्व बैठक गाठा. नोटिशीत तिची तारीख असते आणि कलाकार तिथे जवळजवळ कधीच जात नाहीत. ठेकेदार जातात, म्हणून अटी त्यांच्या सोयीने सैल होतात. आधी लेखी पत्र द्या: ‘समान स्वरूपाचे काम’ म्हणजे काय, त्यात शिल्प, म्युरल, खासगी काम धरणार का, नोंदणीकृत ठेकेदाराबरोबर संयुक्त निविदा चालेल का. उत्तर शुद्धिपत्रकातून येतं. ‘साहेब म्हणाले चालेल’ याला छाननीत अर्थ नाही. ते साहेब त्या दिवशी रजेवर असतात.

बाकीचे कागद

पॅन, गुमास्ता, व्यवसाय कर, बँकेचा किंवा तहसीलदाराचा ऐपत दाखला. हे सगळ्यांना माहीत आहे. सनदी लेखापालाच्या उलाढाल प्रमाणपत्रावर १८ अंकी यूडीआयएन, म्हणजे त्या प्रमाणपत्राचा स्वतंत्र ओळख क्रमांक, हवा. तो नसेल तर सही-शिक्का असूनही ते बाद.

जीएसटीची गंमत वेगळी. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर कायद्याने नोंदणीची सक्ती नाही. निविदेत मात्र क्रमांक हवाच. म्हणून लोक घाईने नोंदणी करतात, काम मिळत नाही, आणि विवरणपत्र भरायचं विसरतात. शून्य विवरणालाही उशिराचे रोज २० रुपये लागतात, आणि सहा महिने भरलंच नाही तर नोंदणी रद्द होऊ शकते. पुढच्या निविदेला माणूस रद्द झालेला क्रमांक घेऊन येतो.

प्रतिज्ञापत्राचा मुद्रांक: जुन्या नोटिशीवरून मजकूर उचललेला असल्यामुळे अजून काही ठिकाणी ‘१०० रुपयांच्या मुद्रांकावर’ असं छापलेलं दिसतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याने ही किमान रक्कम ५०० केली. वाद नको असेल तर ५०० चाच घ्या.

उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योगाची नोंदणी) दाखवून बयाणा रक्कम, म्हणजे निविदेसोबत भरायची अनामत, माफ होते असा एक गोड गैरसमज आहे. ती सवलत मुळात खरेदीसाठी, बांधकामाच्या कामांसाठी नाही. म्युरलची निविदा बांधकाम विभागाने ‘काम’ म्हणून काढली असेल आणि नोटिशीत सूट लिहिलेली नसेल, तर बयाणा भरा.

पुतळा की शिल्प?

हा प्रश्न सर्वांत महाग पडतो. अमूर्त रचना, निसर्ग, लोकजीवन असेल तर गोष्ट सोपी. पण रचनेत राष्ट्रपुरुष किंवा थोर व्यक्तीचा पुतळा आला की सामान्य प्रशासन विभागाचा २ मे २०१७ चा शासन निर्णय लागू होतो: जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर प्रस्ताव, पोलिसांचं ना हरकत, दोन किलोमीटरच्या परिसरात त्याच व्यक्तीचा दुसरा पुतळा नसणं, आणि क्ले मॉडेलला (मातीच्या नमुन्याला) कला संचालनालयाची मान्यता. रस्ता, पदपथ किंवा सार्वजनिक वापराच्या जागेत पुतळा उभारण्यावर सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा मनाई आदेश वेगळाच. इमारतीचं फाटक आणि रस्ता यांच्यामधली ती हिरवळ नक्की कुणाच्या हद्दीत, हे नकाशावर बघून घ्या.

भित्तिशिल्पात इतर पन्नास चेहऱ्यांमध्ये एखादा ओळखीचा चेहरा असेल तर काय? इथे प्रत्येक कार्यालय आपापला अर्थ लावतं. लेखी विचारा.

खरी मेख निविदेतल्या एका वाक्यात असते: ‘सर्व परवानग्या मिळविण्याची जबाबदारी कंत्राटदाराची राहील.’ प्रस्ताव पालिकेनेच पाठवायचा असतो, पण उशीर तुमच्या नावावर मांडला जातो. कामाची मुदत कार्यादेशाच्या तारखेपासून मोजतात. सहा महिन्यांतले चार मॉडेलच्या मान्यतेत गेले तर उरलेल्या दोनांत साचा, ओतकाम, घासकाम, वाहतूक, उभारणी करायची आणि वर दिवसाला दंड. माझ्या ओळखीच्या एका शिल्पकाराने समितीची वाट बघत क्ले मॉडेल सहा आठवडे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलं होतं. रोज सकाळी पाणी मारायचं. मे महिना होता, एका कानाला तडा गेलाच. म्हणून निविदापूर्व पत्रात एक ओळ घालाच: मुदत मॉडेलला मान्यता मिळाल्याच्या दिवसापासून मोजावी. मागितली तर ती काही वेळा मिळते. न मागता कधीच मिळत नाही.

२६ ऑगस्ट २०२४ ला मालवणात राजकोट किल्ल्यावरचा पुतळा कोसळल्यापासून स्थैर्य प्रमाणपत्राबाबत अभियंते फार सावध झाले आहेत, आणि ते योग्यच आहे. उघड्यावरच्या शिल्पाला स्ट्रक्चरल इंजिनिअरची गणितं लागतात, वाऱ्याच्या दाबासकट. भारतीय मानकात पायाभूत वाऱ्याचा वेग पुण्याला सेकंदाला ३९ मीटर धरतात, मुंबईला ४४. पुण्यातलं डिझाइन उचलून मुंबईत दिलं तर कागदावरच नापास. या इंजिनिअरची फी दरात धरा. बहुतेक कलाकार ती खिशातून देतात.

संगणकावरचे अपघात

तिसऱ्या श्रेणीची डिजिटल सही लागते, सही आणि एन्क्रिप्शन दोन्ही असलेली. ती ज्याच्या नावावर, त्याच्याच नावाने निविदा.

दरपत्रकाची एक्सेल फाइल उतरवली की तिचं नाव बदलू नका. ‘म्युरल फायनल नवीन २’ असं नाव दिलेली फाइल यंत्रणा घेत नाही. फक्त रंगीत रकाने भरा. टक्केवारीची निविदा (अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के जादा किंवा कमी, एवढंच सांगायची) असेल तर ‘जादा’ की ‘कमी’ हे यादीतून निवडावं लागतं, आणि इथे एकाने पाच टक्के जादाच्या जागी पाच टक्के कमी निवडून काम मिळवलंही. पेढे वाटल्यावर कळलं.

तारखांचा घोळ नेहमीचा. नोटिशीत कागदपत्रं उतरवण्याची शेवटची तारीख, शंका पाठवण्याची, निविदा सादर करण्याची आणि उघडण्याची अशा चार तारखा असतात. लोक उघडण्याची तारीख मनात धरून बसतात. वेळ दुपारी तीनची असली तर ती संकेतस्थळावर दिसणाऱ्या सर्व्हरच्या घड्याळाची, तुमच्या मनगटावरची नाही. बयाणा एनईएफटीने भरत असाल तर किमान दोन दिवस आधी भरा. बँकेतून पैसे गेले तरी संकेतस्थळावर नोंद होईपर्यंत पुढचं पान उघडत नाही.

आणि सर्वांत दुखरं: सगळ्या फाइली चढवल्या म्हणजे निविदा सादर झाली नाही. शेवटी ‘फ्रीझ बिड सबमिशन’ दाबून बिड क्रमांकाची पावती यावी लागते. ती नाही तर तुम्ही भाग घेतलेलाच नाही.

दर लावताना

म्युरल जिल्हा दरसूचीत, म्हणजे सरकारी कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीत, सापडत नाही. म्हणून अंदाजपत्रक कोटेशनांवरून बनतं आणि मोजणी चौरस फुटात होते. बिलाच्या वेळी कनिष्ठ अभियंता टेप घेऊन येतो आणि मोजमाप वहीत लांबी गुणिले उंची लिहितो. उठाव तीन इंच की नऊ इंच, याला रकाना नाही. एका ठिकाणी तर दोन आकृत्यांमधली मोकळी जागा वजा केली होती. त्याच्या मते तिथे ‘काम झालेलं नाही’. मोजणीची पद्धत, म्हणजे बाहेरची चौकट धरून, उठावाची खोली नमूद करून, निविदापूर्व पत्रातच मागून घ्या.

दर १२० दिवस वैध ठेवावा लागतो असं धरा आणि तांब्याचे भाव बघूनच आकडा टाका. बिलातून आयकराचा टीडीएस, करार अडीच लाखांच्या वर असेल तर जीएसटीचा २ टक्के टीडीएस, बांधकाम कामगार उपकर १ टक्का आणि सुरक्षा अनामत कापली जाते. अनामत दोष दायित्वाचा (कामातले दोष फुकट दुरुस्त करून द्यायचा) कालावधी संपल्यावर परत, तोवर निखळलेला प्रत्येक तुकडा तुम्ही बसवायचा. पाण्याची गळती भिंतीतून असली तरी. म्हणून बसवण्याआधी भिंतीचे तारखेसह फोटो काढून विभागाला आवक शिक्क्यासह द्या.

करारावर सही करण्यापूर्वी कॉपीराइटचं कलम वाचा. काहीच लिहिलेलं नसेल तर हक्क पालिकेचा असा अर्थ लावला जाऊ शकतो. पण कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ मधला, कृतीची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा हक्क कलाकाराकडेच राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सहगल यांचं १४० फूट लांबीचं ब्राँझ म्युरल होतं. १९७९ मध्ये नूतनीकरणात ते काढून गोदामात टाकलं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अवशेष परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. सव्वीस वर्षं गेली त्यात. ‘स्थलांतर किंवा काढण्यापूर्वी कलाकाराला लेखी सूचना’ एवढी ओळ करारात घालायला पाच मिनिटं लागतात.

अपात्र ठरलात तर कारण संकेतस्थळावरच्या तांत्रिक छाननीच्या अहवालात असतं. आर्थिक लिफाफा उघडण्याआधी लेखी हरकत द्या, नंतर दिली तर ती फक्त फाइलला लागते. बयाणा मागायला कुठे जावं लागत नाही, ज्या खात्यातून भरला त्याच खात्यात परत येतो. गेल्या वर्षी एकाने तो मेहुण्याच्या खात्यातून भरला होता. पालिकेने पैसे वेळेत परत केले. मेहुण्याने अजून दिलेले नाहीत.