चतुराचा एक मिलिमीटर

चतुराचा, म्हणजे ड्रॅगनफ्लाय या किड्याचा, फोटो कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर झकास दिसतो. घरी येऊन मोठा केला की डोळ्याची कड तेवढी रेखीव, जबडा धुरकट आणि छाती तर गायबच! मग लेन्सच्या नावाने बोटं मोडायची. लेन्स बिचारी बहुतेक वेळा निर्दोष असते.

खरी अडचण भूमितीची आहे. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात प्रतिमा टिपणाऱ्या त्या सेन्सरवर किड्याची प्रतिमा त्याच्या खऱ्या आकाराएवढी पडत असेल, तर एफ/८ ला (एफचा आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं छिद्र बारीक) जेमतेम १ मिलिमीटर जाडीचा थर स्पष्ट येतो. प्रतिमा निम्म्या आकाराची घेतली की हाच थर ३ मिलिमीटरच्या आसपास जातो. म्हणून सगळा चतुर हवा असेल तर थोडं मागे सरकावं आणि नंतर फोटो कापावा. हा उपाय फुकटचा आहे, तरी फारसा कुणी करत नाही.

ॲपर्चर, म्हणजे हे छिद्र, आणखी बारीक केलं तर? थर वाढतो, पण विवर्तन, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाशाचं पसरणं, आडवं येतं. खऱ्या आकाराच्या प्रतिमेला एफ/१६ हे प्रत्यक्षात एफ/३२ सारखं वागतं. तिथे प्रकाशाचा एक बिंदू पसरून ०.०४ मिलिमीटरचा ठिपका होतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल ०.००६ मिलिमीटरचा, म्हणजे एका ठिपक्याच्या रुंदीत सात पिक्सेल. सगळंच सारखं मऊ होतं. माझा हात एफ/११ च्या पुढे सहसा जात नाही.

त्यापेक्षा कोन बदलावा. टाचणी, म्हणजे चतुराची सडपातळ चुलत बहीण, बसताना बहुधा पंख मिटून अंगालगत ठेवते, तिला बाजूने टिपावं. चतुर पंख पसरून बसतो, त्याला वरून. शरीर सेन्सरला समांतर आलं की तोच एक मिलिमीटर शेपटीपर्यंत पुरवता येतो.

ऑटोफोकसवर विसंबू नये. फोकसची रिंग एका जागी ठेवून अंगच हळूच पुढे झुकवावं आणि डोळा स्पष्ट झाला की बटण दाबावं. वारा असेल तर काडी डाव्या हाताच्या बोटांत धरून लेन्स त्याच हातावर टेकवावी. मग काडी हलली तरी कॅमेराही तिच्यासोबत हलतो.

प्रकाश मात्र कमीच पडतो, कारण इतक्या जवळून सेन्सरवर पोचतो तो चौथा हिस्सा. फ्लॅश लागतोच. कमी ताकदीवर त्याची चमक सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढी छोटी असते, त्यामुळे हाताचा थरथराट गोठतो. पण किड्याचं कवच चकचकीत, त्यावर उघडा फ्लॅश पांढरा डाग पाडतो. समोर ट्रेसिंग पेपर किंवा दुधी प्लास्टिक लावून ते किड्याच्या जितकं जवळ नेता येईल तितकं न्यावं. जवळचा पडदा किड्यापुरता आभाळाएवढा होतो आणि सावल्या निवळतात.

किडा स्थिर राहावा म्हणून काही जण त्याला फ्रिजमध्ये ठेवतात. मला हे अजिबात पटत नाही. पहाटेची थंडी तेच काम करते आणि किड्याला काही होत नाही. गारठलेला चतुर दव अंगावर घेऊन गवताच्या काडीला लटकलेला असतो. तेव्हा फोकस कणाकणाने सरकवत वीस-तीस फोटो घ्यावेत आणि प्रत्येकातला स्पष्ट भाग घेऊन संगणकावर एकच फोटो जोडावा. ऊन आलं की तो पंख थरथरवू लागतो. उडण्याचे स्नायू तापवण्याची ही त्याची रीत. थरथर दिसली की जोडणीचा नाद सोडावा आणि डोळ्यावर फोकस धरून मिळेल तो एक फोटो घ्यावा.