काल काय जेवलात?

मधाच्या पोळ्यातल्या राणी माशीची आणि कामकरी माशीची जनुकं सारखीच असतात. वेगळं असतं ते अळीपणीचं खाणं. जिला अखेरपर्यंत राजान्न (रॉयल जेली) मिळतं ती राणी होते, जिचं ते तीनेक दिवसांनी तोडलं जातं ती जन्मभर राबते. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अळ्यांमधलं एक विकर (एन्झाइम) दाबून टाकलं. डीएनएवर मिथाइलच्या खुणा लावणं हे त्याचं काम. ते थांबलं, आणि बऱ्याच अळ्या राणीसारख्या वाढल्या. म्हणजे जनुक तेच राहतं, पण ते बोलणार की गप्प बसणार, हे खाण्याने बदलू शकतं.

मिथाइल गट म्हणजे कार्बनचा एक अणू आणि हायड्रोजनचे तीन. तो जनुकाच्या सुरुवातीच्या भागात चिकटला की ते जनुक सहसा गप्प बसतं. हे गट ज्या रासायनिक साखळीतून तयार होतात तिला फोलेट, बी-१२ आणि कोलीन लागतं, आणि ते येतं मुख्यतः ताटातून. अमेरिकेत रॉबर्ट वॉटरलँड आणि रँडी जर्टल यांनी २००३ मध्ये गाभण उंदरिणींना हीच पोषकं जादा दिली. अगूटी नावाच्या जनुकाचा एक प्रकार पिल्लांना पिवळं आणि लठ्ठ करतो. जादा पोषण मिळालेल्या आयांच्या पिल्लांत ते जनुक असूनही दबलं, आणि तपकिरी पिल्लं जास्त निपजली.

माणसांवर असं काही करता येत नाही. मग इतिहासाने करून ठेवलेले क्रूर प्रयोग शोधावे लागतात. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने पश्चिम नेदरलँड्सची रसद रोखली, आणि माणशी रोजचा शिधा हजार कॅलरींच्याही खाली गेला. त्या दिवसांत गर्भधारणा झालेल्या साठ जणांचं रक्त सहा दशकांनी त्यांच्या सख्ख्या भावंडांच्या रक्ताशी ताडून पाहिलं. वाढीशी निगडित असलेल्या आयजीएफ-२ या जनुकावर त्यांच्यात खुणा कमी निघाल्या. फरक थोडका, पण साठ वर्षं टिकलेला. त्यामुळे अमुक आजार झाला, हे मात्र या तपासणीतून सिद्ध होत नाही. बातम्यांतून नेमकं हेच वाक्य गळतं.

पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियाच्या खेड्यांत हा प्रयोग दरवर्षी आपोआप घडतो. पावसाळ्यात कोठारं रिती आणि शेतातले कष्ट जास्त, सुगीनंतर उलट. गर्भधारणा कोणत्या ऋतूत झाली आणि तेव्हा आईच्या रक्तात कोणती पोषकं किती होती, यानुसार बाळांच्या डीएनएवरच्या काही खुणा बदलतात, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं. आणि गंमत अशी, की उपासमारीच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पावसाळी ऋतूतल्या बाळांत खुणा कमी नव्हे, जास्त होत्या. हे काम उभं राहिलं ते गांबियातल्या मातांवर, लंडन आणि ह्यूस्टनमधल्या प्रयोगशाळांवर आणि ब्रिटनमधून आलेल्या निधीवर.

अशा कामाला एका देशाची तिजोरी क्वचितच पुरते. औषध कंपन्यांकडूनही फार आशा नाही, कारण पालेभाजीचं पेटंट मिळत नाही आणि उत्तर यायला एक पिढी जाते. त्यामुळे भार सरकारी आणि धर्मादाय पैशावर पडतो. युरोपीय संघाने २००४ पासून न्यूगो या जाळ्यातून आहार आणि जनुकांवर काम करणाऱ्या संस्था एकत्र बांधल्या. पुढे युरोपातल्या देशांनी आहार-आरोग्य संशोधनासाठी संयुक्त उपक्रम काढला. त्यात विषय सामाईक ठरतो, अर्जांची छाननी एकत्र होते, पण पैसे बहुतांशी प्रत्येक देश आपल्याच संशोधकांना देतो. ही पद्धत मला शहाणपणाची वाटते, पण तिच्यात एक खोट आहे. ज्या देशाकडे पैसा नाही तो बाहेरच राहतो, आणि आहारातले सर्वांत मोठे चढउतार बहुधा तिथेच असतात.

युरोपातल्याच फूड-फॉर-मी या प्रयोगात सात देशांतले १६०७ जण होते. तो जनुकांच्या नियमनाचा, म्हणजे या खुणांचा नव्हता, जनुकांमधल्या जन्मजात फरकांचा होता. सहा महिन्यांनंतर दिसलं, की सरसकट सल्ल्यापेक्षा व्यक्तिगत सल्ला लोकांनी जास्त पाळला. पण त्या सल्ल्यात जनुकांची माहिती घातल्याने काही अधिक फायदा झाला नाही. जनुक-चाचणी करून आहाराचे तक्ते विकणाऱ्यांनी हा निकाल भिंतीवर लावायला हवा.

खरी अडचण मला वेगळीच दिसते. मानवी जनुकसंच पहिल्यांदा वाचायला सुमारे तीन अब्ज डॉलर लागले, आता हजार डॉलरांच्याही आत ते होतं. पण माणूस काल काय जेवला, हे अजूनही त्यालाच विचारावं लागतं, आणि तो कमी सांगतो. लठ्ठ माणसं तर आणखी कमी सांगतात. शरीरात खर्च झालेली ऊर्जा खास प्रकारच्या पाण्याने मोजता येते, आणि ती मोजल्यावर ही तफावत उघडी पडते. भरीस भर म्हणजे खुणा प्रत्येक अवयवात वेगळ्या असतात. यकृताचा किंवा मेंदूचा तुकडा कोण देणार? रक्तावर भागवावं लागतं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने जानेवारी २०२२ मध्ये दहा हजार लोकांवरच्या आहार-अभ्यासासाठी पाच वर्षांत १७ कोटी डॉलर जाहीर केले. त्यातल्या बहुतेकांनी आपापल्या घरी, नेहमीचंच जेवायचं, असं ठरलं. एका गटाला ठरवलेलं जेवण अभ्यासाकडून पुरवलं जाणार होतं. आणि आणखी एका छोट्या गटाला केंद्रातच मुक्कामाला ठेवायचं होतं, म्हणजे काल काय खाल्लं हे त्यांना विचारायची वेळच येणार नव्हती.