रानपिंगळ्याची पायरी बदलली, म्हणजे काय झालं?

२०१८ मध्ये रानपिंगळा (जंगलातलं एक छोटं घुबड) धोक्यातल्या जातींच्या 'लाल यादी'त 'अतिसंकटग्रस्त' श्रेणीतून 'संकटग्रस्त' श्रेणीत आला. पक्षी वाढले, असा अर्थ पुष्कळांनी काढला. तो बरोबर नाही, आणि का नाही हे या श्रेण्यांच्या इतिहासातून कळतं.

ही यादी करणारी आययूसीएन ही निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय संस्था १९४८ मध्ये फ्रान्समध्ये स्थापन झाली. तिची लाल यादी १९६४ पासूनची. सुरुवातीची कित्येक वर्षं कुठली जात किती धोक्यात आहे, हे मुख्यतः जाणकारांच्या अंदाजावर ठरे. एकाला जी जात नामशेष होण्याच्या काठावर वाटे, ती दुसऱ्याला नुसती दुर्मीळ वाटे. जॉर्जिना मेस आणि रसेल लँड या जीवशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये मोजता येणारे निकष सुचवले. त्यांवर काम होऊन १९९४ मध्ये नवी पद्धत स्वीकारली गेली, २००१ मध्ये ती सुधारली.

आता आकडे बोलतात. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत (जो काळ मोठा असेल तो) संख्या साधारण ८० टक्के घटली तर अतिसंकटग्रस्त, ५० टक्के घटली तर संकटग्रस्त, ३० टक्के घटली तर असुरक्षित. प्रौढ प्राणी पन्नासपेक्षा कमी उरले असतील, तर तेवढ्यावरही अतिसंकटग्रस्त ठरतं. अधिवास किती आक्रसला, किती तुकड्यांत विभागला, हेही पाहतात. यातला एक निकष पुरा झाला तरी पुरे.

रानपिंगळ्याची गोष्ट इथे फार बोलकी आहे. त्याचा शेवटचा खरा नमुना (संग्रहालयासाठी टिपून जपलेला पक्षी) १८८४ चा. त्यानंतर रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षी-संग्राहकाने १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याचं सांगितलेला नमुना मुळात संग्रहालयातून चोरून, नवी चिठ्ठी लावलेला निघाला. त्या खोट्या ठिकाणाने शोध भरकटला होता. लबाडी उघड झाल्यावर अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या, खऱ्या नोंदींच्या ठिकाणी शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पक्षी जिवंत दिसला. एकशे तेरा वर्षांनी!

पुढे तो मेळघाटात, तानसात आणि आणखी काही जंगलांत सापडत गेला. म्हणून श्रेणी बदलली. पक्षी तेवढेच असतील, कदाचित घटतही असतील. आपली माहिती तेवढी वाढली. आणि ही यादी म्हणजे कायदा नव्हे. भारतात संरक्षण मिळतं ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीतून. लाल यादीतली पायरी बदलली म्हणून ते आपोआप कमी होत नाही.