इलेक्ट्रिक मोटारीचा टो-हूक

मोटारीच्या मागच्या बंपरखालून ट्रेलर जोडण्यासाठी बाहेर काढलेली पोलादी मान आणि तिच्या टोकावरचा गोळा, या जोडणीला टो-हूक म्हणतात. युरोपीय पद्धतीचा गोळा ५० मिमी व्यासाचा असतो. अमेरिकी पद्धतीत बंपरखाली चौकोनी नळी असते आणि तिच्यात गोळ्याची दांडी पिनेने अडकवतात. तिथला २ इंची गोळा ५०.८ मिमी भरतो. फरक पाऊण मिलिमीटरचा असला तरी दोन्ही पद्धतींची सरमिसळ करू नये. ५० मिमीच्या कपलरचे (ट्रेलरच्या टोकाला असलेल्या, गोळ्यावर बसणाऱ्या वाटीचे) कुलूप २ इंची गोळ्यावर पूर्ण मिटेलच असे नाही, आणि २ इंची कपलर ५० मिमीच्या गोळ्यावर खुळखुळतो. गाडीच्या टूल-किटमध्ये मिळणारा, बंपरच्या भोकात पिळून बसवायचा टो-आय ही वेगळी वस्तू आहे. तो अडकलेली गाडी थोडी ओढून काढण्यापुरता असतो. त्याला ट्रेलर कधीही लावू नये.

गाडीची मर्यादा : हुकाची खरेदी गाडीचे कागद पाहून झाल्यावरच करावी. उत्पादकाने त्या मॉडेलला ओढण्याचे वजन दिले आहे का, हा पहिला प्रश्न. वाहनपुस्तिकेत ‘टोइंग’ शीर्षकाखाली ब्रेक असलेल्या आणि ब्रेक नसलेल्या ट्रेलरचे वजन वेगवेगळे दिलेले असते. ते दिलेले नसेल, किंवा ट्रेलर ओढू नये असे स्पष्ट लिहिले असेल, तर त्या गाडीपुरता विषय संपला. युरोपात टेस्ला मॉडेल वायला ब्रेकच्या ट्रेलरसाठी १,६०० किलो आणि किया ईव्ही९ ला २,५०० किलोपर्यंत मान्यता आहे, तर निसान लीफच्या पहिल्या दोन पिढ्यांना मुळीच नव्हती. बडोद्याच्या वाचकाला जवळचे उदाहरण हालोलचे. तिथल्या कारखान्यात तयार होणारी एमजी झेडएस ईव्ही २०२० मध्ये भारतीय बाजारात आली. त्याच नावाच्या गाडीला ब्रिटनमध्ये ५०० किलोचा ब्रेकवाला ट्रेलर ओढता येतो. मात्र हा आकडा इथल्या गाडीला लावता येत नाही. मान्यता देशानुसार आणि आवृत्तीनुसार मिळते. पत्रा सारखा दिसला तरी स्प्रिंग, ब्रेक, सॉफ्टवेअर आणि एक्सलवरचा मान्य भार वेगळा असू शकतो.

मोटरचा टॉर्क भरपूर असतानाही हे आकडे लहान का, असे अनेकांना वाटते. अडचण ओढण्याच्या ताकदीची नसते. बॅटरीमुळे गाडी मुळातच जड असते, त्यामुळे एकूण मान्य वजनातला मोठा हिस्सा तिथेच खर्ची पडतो आणि मागच्या एक्सलवर फारसा वाव उरत नाही. शिवाय लांब चढावर मोटर व इन्व्हर्टर तापतात, आणि बॅटरी भरलेली असताना उतारावर रीजनरेटिव्ह ब्रेकिंग (थोडक्यात रीजन, म्हणजे मोटरनेच गाडी मंदावून ती ऊर्जा बॅटरीत भरणे) जवळजवळ मिळत नाही. सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. पावागडच्या माचीवरून खाली उतरायचे असेल तर वर १०० टक्के चार्ज करून निघू नये, हे यातूनच निघते.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या व्याख्येत ट्रेलर हेसुद्धा ‘मोटार वाहन’ आहे. त्यामुळे ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी लागते, मग तो जीजे-०६ मध्ये, म्हणजे बडोद्याच्या आरटीओत, असो वा अन्य कुठे. एकूण ०.७५ टनापर्यंतचा ट्रेलर टी१ वर्गात मोडतो. गाडीतला बदल कलम ५२ खाली येतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये क्रॅश गार्ड व बुल बारविरुद्ध कारवाईचे निर्देश दिले, तेही याच कलमाच्या आधारे. म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओ, गाडीचा उत्पादक आणि विमा कंपनी या तिघांकडून लेखी उत्तर घ्यावे. तोंडी होकार अपघातानंतर उपयोगी पडत नाही.

वजनाचा हिशोब : हुकावर दोन आकडे कोरलेले असतात, डी आणि एस. डी म्हणजे आडवा ओढ सोसण्याची क्षमता, किलोन्यूटनमध्ये. गाडीचे कमाल वजन टी टन आणि ट्रेलरचे आर टन असेल तर डी = ९.८१ × टी × आर ÷ (टी + आर). २ टनांची गाडी आणि अर्ध्या टनाचा ट्रेलर असेल तर उत्तर ३.९२ येते, हुकावरचा आकडा त्याहून कमी नको. एस म्हणजे गोळ्यावर खाली पडणारा कमाल भार, किलोमध्ये. गाडीच्या पुस्तिकेतही हाच भार दिलेला असतो. दोन्हींपैकी लहान आकडा पाळायचा.

या उभ्या भाराकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, आणि नुकसान तिथेच होते. गोळा मागच्या चाकांच्याही मागे असल्यामुळे तरफेचा नियम लागू होतो. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या एक्सलमधले अंतर) २.६ मीटर आणि मागच्या एक्सलपासून गोळा ०.९ मीटर मागे असेल, तर गोळ्यावरच्या ७५ किलोंनी मागच्या एक्सलवर ७५ नव्हे, १०१ किलो वाढतात आणि पुढची चाके २६ किलोंनी हलकी होतात. त्यात हुकाचे स्वतःचे वजन, मागच्या सीटवरची तीन माणसे आणि डिकीतले सामान मिळवले की मर्यादा सहज ओलांडली जाते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तर पावसाळ्यात चढावर चाके घसरू लागतात. भार मोजायला बाथरूमचा वजनकाटा पुरतो: काट्यावर गोळ्याच्या उंचीइतका लाकडी ठोकळा उभा करून त्यावर कपलर टेकवावा, ट्रेलर समपातळीत ठेवावा, पुढचे लहान चाक उचलून घ्यावे आणि आकडा वाचावा. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के भार चांगला. त्याहून फार कमी पडला तर वेगात ट्रेलर डोलू लागतो. साउंडचे बॉक्स किंवा केटरिंगची भांडी भरताना जड सामान एक्सलच्या वर ठेवतात ते यासाठीच.

बसवण्याची रीत : ट्रॅक्टर-ट्रॉलीचे किंवा जुन्या जीपचे हूक करणाऱ्या कारागिराचा हात कितीही बसलेला असला तरी तोच नमुना इथे चालत नाही. त्या वाहनांना वेगळी चॅसी असते. इलेक्ट्रिक मोटारीत पत्र्याचे कवच हाच सांगाडा असतो. म्हणून त्या मॉडेलसाठीच बनवलेला, कारखान्याने सोडलेल्या भोकांत बोल्टने बसणारा हूक घ्यावा. वेल्डिंग अजिबात करू नये. उष्णतेने उच्च-ताकदीच्या पोलादाचा कस जातो आणि भटकलेला विद्युतप्रवाह कंट्रोल युनिट जाळू शकतो.

आधी डिकी उघडावी, मग १२ व्होल्टची बॅटरी सोडवावी. हा क्रम चुकला तर विजेवर चालणारे डिकीचे कुलूप उघडत नाही आणि काम तिथेच अडते. गाडी लिफ्टवर घेताना लिफ्टचे हात फक्त सिलच्या (दारांखालच्या कडेच्या) नेमलेल्या जागी टेकवावेत, बॅटरीच्या तळाला कधीही नाही. केशरी आवरणाच्या वायरी उच्च दाबाच्या असतात. मागे मोटर असलेल्या गाडीत त्या आणि कूलंटच्या नळ्या हुकाच्या बाजूच्या दांड्यांजवळून जातात. त्यांना हात लावण्याची वेळ आली तर पुस्तिकेप्रमाणे उच्च दाब तोडून, सांगितलेली मिनिटे थांबून, प्रशिक्षित माणसानेच काम करावे.

त्यानंतर टेल लॅम्प, व्हील-आर्चचे स्क्रू आणि खालच्या क्लिपा काढून दोघांनी मिळून बंपर उतरवावा; पार्किंग सेन्सरची जोडणी ताणू देऊ नये. आतली धडक सोसणारी आडवी पट्टी बहुधा निघते आणि तिच्या जागी हुकाची आडवी तुळई येते. हूक ज्या पत्र्यावर टेकतो तिथला मेणासारखा अंडरकोट पूर्ण खरवडावा. तो राहिला की दाबाखाली हळूहळू पातळ होतो आणि घट्ट केलेला बोल्ट काही आठवड्यांत सैल पडतो. उघडा पडलेला पत्रा झिंक प्रायमरने झाकावा. सगळे बोल्ट आधी हाताने लावून तुळई मध्यावर आणावी, मगच टॉर्क रेंच लावावा. ८.८ दर्जाच्या एम १२ बोल्टला साधारण ८० न्यूटन-मीटर लागतात, पण अंतिम आकडा किटच्या पत्रकातला. गाडी भरलेली असताना गोळ्याचे केंद्र जमिनीपासून ३५० ते ४२० मिमी उंचीवर यायला हवे. १,००० किमीनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत.

वायरिंग : यांत्रिक काम बरोबर झाले तरी गाडी परत गॅरेजला येते ती बहुधा वायरिंगमुळे. ट्रेलरचे दिवे जोडण्याच्या ७ पिनी सॉकेटमध्ये १ डावा इंडिकेटर (पिवळी वायर), २ मागचा फॉग (निळी), ३ अर्थ (पांढरी), ४ उजवा इंडिकेटर (हिरवी), ५ उजवा टेल (तपकिरी), ६ ब्रेक (लाल), ७ डावा टेल (काळी). १३ पिनीत ८ वर रिव्हर्स दिवा आणि ९ वर कायमचा पुरवठा मिळतो. जुन्या गाड्यांत टेल लॅम्पच्या वायरीला चिमटा लावून काम भागत असे. इलेक्ट्रिक मोटारीचे दिवे बॉडी कंट्रोल युनिट झपाट्याने चालू-बंद करून चालवते आणि प्रवाहही मोजते. जादा बल्ब दिसला की दोष नोंदवून ते दिवाच बंद करते. म्हणून स्वतंत्र ट्रेलर मॉड्यूल लावावे, त्याला १२ व्होल्टच्या बॅटरीपासून फ्यूजसह वेगळी वायर द्यावी, आणि शेवटी निदान-यंत्राने गाडीत ‘ट्रेलर आहे’ असे कोडिंग करून घ्यावे. कोडिंग राहिले तर रिव्हर्स घेताना सेन्सर सतत ओरडतात, मागचा आपत्कालीन ब्रेक ट्रेलरलाच अडथळा समजतो आणि ट्रेलरचे डोलणे सावरणारी प्रणाली जागी होत नाही. ट्रेलरला एलईडी दिवे असतील तर मॉड्यूल एलईडी चालणारेच हवे, नाहीतर त्याला ट्रेलर जोडल्याचे कळत नाही. एक इंडिकेटर लावला आणि बाकीचे दिवेही मिणमिणले, तर दोष जवळजवळ नेहमी पांढऱ्या अर्थ-वायरचा असतो.

चालवताना : ॲक्सिलरेटर सोडताच येणाऱ्या जोरदार रीजनमुळे ट्रेलर गाडीला मागून धक्का देतो, म्हणून ट्रेलर असताना रीजन कमी पायरीवर ठेवावे. ट्रेलर डोलू लागला तर स्टिअरिंग सरळ धरून पाय हळूहळू उचलावा. वेग वाढवून तो सरळ करू पाहू नये. पल्ला तीस ते पन्नास टक्के घटतो, आणि सपाट रस्त्यावर त्याला वजनापेक्षा हवेचा अवरोध जास्त कारण असतो. ९३ किमीच्या बडोदे-अहमदाबाद द्रुतगती मार्गावर उंच पेटीचा ट्रेलर ओढायचा असेल तर वेग उतरवणे हाच पल्ला वाचवण्याचा खरा उपाय. बहुतेक चार्जिंगच्या जागा एका गाडीपुरत्या असतात. ट्रेलर सोडून कुठे उभा करायचा हे निघण्यापूर्वीच ठरवावे आणि चाकाखाली लावायच्या दोन खुट्ट्या बरोबर घ्याव्यात.

देखभाल : गोळा झिजून व्यास ४९ मिमीवर आला की बदलावा. बडोद्यातल्या विश्वामित्री नदीला २०१९ आणि २०२४ मध्ये आलेल्या पुरांत शहरातल्या अनेक भागांत गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. गाडी चाकांच्या वर पाण्यात गेली असेल तर ती चालू न करता आधी उच्च दाबाची तपासणी करून घ्यावी. त्यानंतर सॉकेटचे झाकण उघडून पिनांवरचा हिरवा गंज, डिकीच्या तळाशी बसवलेल्या मॉड्यूलमधली ओल आणि तुळईच्या पोकळीत साचलेला गाळ पाहावा. पोकळीचे निचऱ्याचे भोक गाळाने बुजले की पोलाद आतून गंजते आणि बाहेरचा रंग मात्र शाबूत दिसतो.